कॅरिअरवर उलटं बसून

काज-बटणवाल्या मावशींना कोणी काही सांगायला बसलं की त्यांच्या तोंडून "हं... मग?" आपसूक निघायचं. समोरच्याचं वाक्य जमिनीला टेकायच्या आत हा हुंकार त्याला झेलायला तयार. हातात शर्ट, बोटात सुई, नाकावर घसरलेला चष्मा आणि नजर काजाच्या टाक्यांवर. कान मात्र पुरते बोलणाऱ्याकडे. खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तर म्हणायचे, "मावशी, तुमच्याकडे माणूस दोन शब्द सांगायला येतो आणि जन्माची कथा सांगून जातो. तुमच्या त्या 'मग'वर काहीतरी औषध शोधा बुवा."

"औषध कशाला? रोग आहे होय तो?" मावशी म्हणायच्या. "आणि मास्तर, कॉलरची बटणं पाठवतो म्हणाला होतात काल. मग?"

मास्तरांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मावशी राहायच्या. जमिनीखालून दिवसभर शिलाई मशीनची घरघर यायची, तिच्यावर भांड्याच्या मांडणीतले चमचे बारीक वाजायचे. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात एका शीतगृहात कामाला. घरात त्या आणि सून, अशा दोघीच.

सून डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणायचे. स्वभावानं गरीब, कामाला वाघ. म्हाताऱ्या पेशंटच्या डोळ्यांत औषध घालताना ती असं काही हलक्या हातानं पापणी उचलायची की त्यांना थेंब पडल्याचंही कळायचं नाही. लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा कामावर परत गेला. तेव्हापासून या नवराबायकोचा संसार फोनवर. परदेशात तो राहायचा त्या गावातलं एक इस्पितळ तिला घ्यायला तयार होतं. बाकीचे सगळे कागद झाले होते. अडलं होतं ते एका गोष्टीपाशी. इंग्रजी बोलण्याची परीक्षा तिला पास व्हायची होती, आणि तीही वर्ष संपायच्या आत. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती.

वाचायला, लिहायला तिला अडचण नव्हती. औषधांची नावं, डॉक्टरांच्या सूचना, सगळं इंग्रजीतच. पण बोलायची वेळ आली की दातखीळ बसायची. क्लासच्या सरांनी सांगितलं, "घरी रोज कोणाशी तरी बोला." आता घरी होत्या मावशी. त्यांचं शिक्षण मातृभाषेतल्या चार बुकांपलीकडे गेलेलं नव्हतं.

"त्यात काय एवढं?" मावशी म्हणाल्या. "मला प्रश्न आपल्या अक्षरांत लिहून दे. मी विचारते, तू बोल. मला कळायची काय गरज आहे? परीक्षा तुझी की माझी?"

झालं. शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर सुनेनं ठळक अक्षरांत प्रश्न लिहिले. दुपारी ड्यूटीवरून आली, चहा झाला, की मावशी चष्मा पुसून पुठ्ठा हातात घ्यायच्या आणि प्रार्थना म्हणावी तशा सुरात विचारायच्या, "डू... यू... लाइक... युवर... जॉब?" सून बोलायला लागायची. शब्दही कळायचा नाही, पण मावशींची मान डोलायची, भुवया वर जायच्या, आणि वाक्य संपलं रे संपलं की "हं... मग?"

त्या 'मग'च्या जोरावर सून पुढे जायची. एका वाक्याची दोन व्हायची, दोनांची चार. बोलता बोलता हसायची, हातवारे करायची. मावशींना वाटलं, देवाच्या दयेनं पोरीची गाडी रुळावर आली.

पहिल्या परीक्षेहून सून परतली ती पायरीवरच बसली. बूटही काढले नाहीत.

"काय विचारलं गं?"

"सायकल."

"सायकल? इतक्या लांबून माणसं आणून परीक्षा घेतात आणि विचारतात काय तर सायकल?"

"हो ना. तुमच्याकडे सायकल आहे का, म्हणाली. मी म्हटलं, नाही. लहानपणी होती का? नाही. चालवायला आवडेल का? नाही." सून कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, मी नुसती नाही नाही करत बसले. सरांनी सायकलवर काहीतरी पाठ करून घेतलं होतं, आरोग्य, स्वच्छ हवा, असलं. तेही आठवेना."

काही दिवसांनी निकाल आला. थोडक्यात हुकली होती.

मावशी त्या वेळी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. सुनेनं सांगितलं आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, पोर आणखी काही महिने घरात राहील. विचार आला तसा त्यांचा चेहरा गोरामोरा झाला. लेकरं दोन टोकांना झुरतायत आणि आपलं मन काय बघतंय! त्यांनी कोपऱ्यातल्या देवापुढे हात जोडले, "एवढं पोटात घाल रे बाबा," म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

कप पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "मला एक सांग. माझ्यापुढे तर तू धबधब्यासारखी बोलतेस. तिथं काय झालं?"

"काय माहीत. ती बाई नुसती बघत होती माझ्याकडे. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलेना. मी 'नाही' म्हटलं आणि थांबले. वाटलं, आता ही विचारेल..."

"काय विचारेल?"

सुनेनं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मग?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. 

"अगं बाई!" मावशींनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे माझ्या हुंकारानं घात केला म्हण की!"

"तसं नाही हो, आई."

"तसंच आहे. पांगुळगाड्याची सवय लावली मी तुला आणि शर्यतीला पाठवलं."

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. पहिल्याच वाक्यावर "हं" निसटलं. दुसऱ्यावर "मग" ओठांवर येऊन परत गेलं, पण जाताना खोकल्याचं रूप घेऊन गेलं. शेवटी त्यांनी डब्यातलं एक मोठं कोटाचं बटण काढलं आणि ओठांत धरलं.

"आई, गिळाल हो!"

"ऊंहूं," मावशी बटणामागून म्हणाल्या आणि पुठ्ठ्याकडे बोट केलं.

तोंड बंद झालं, पण चेहऱ्याला कुठलं बटण लावणार? भुवया बोलायच्या, मान बोलायची, डोळे तर आधीपासूनच बोलके. सूनही प्रत्येक वाक्यानंतर त्यांच्याकडे बघून थांबायची, तान्हं मूल पाऊल टाकून आईकडे बघतं तशी. एकदा मावशींनी फारच कठोर चेहरा केला, तर सून म्हणाली, "तुमचं पोट दुखतंय का?" आणि दोघी इतक्या हसल्या की बटण टुणकन उडून मांडणीखाली गेलं. खालून मास्तरांनी लाकडी मापपट्टीनं छत ठोकलं. "परीक्षा चालली आहे की नाटक?"

असे दिवस जात होते आणि वर्ष संपत चाललं होतं. रविवारी मुलाचा फोन यायचा. "काय म्हणतेय तयारी?" तो विचारायचा, आणि दोघीही "चाललीय" म्हणायच्या. फोन ठेवल्यावर सून बराच वेळ पडद्याआड राहायची. मावशी मुद्दाम भांड्यांचा आवाज करायच्या, म्हणजे तिला मोकळेपणी नाक शिंकरता यावं.

एका दुपारी सायकलचा पुठ्ठा पुन्हा वर आला. सून सरांचं उत्तर घडाघडा म्हणून गेली. मावशींची सुई एकदाही थांबली नाही. उत्तर संपलं तेव्हा त्यांनी दोरा तोडला आणि बटण ओठांतून काढलं.

"यात काय सांगितलंस?"

"सायकल आरोग्याला चांगली असते. धूर होत नाही. माझं सायकलवर फार प्रेम आहे."

"आहे?"

"छे हो. हे सरांचं."

"आणि तुझं काय?"

"माझं काही नाहीच ना. मी कधी सायकलवर बसलेसुद्धा नाही. खरं सांगायला जावं तर एका शब्दात संपतं."

मावशींनी शर्ट मांडीवर ठेवला. "चालवली तर मीही कधी नाही. पण अर्धं आयुष्य सायकलवर गेलंय माझं."

"म्हणजे?"

"तुझ्या सासऱ्यांच्या सायकलवर. कॅरिअरवर बसून. आणि तेही उलटं."

"उलटं कसं?" सुनेनं खुर्ची जवळ ओढली.

"ते वीजमीटरचे आकडे घ्यायला जायचे दारोदार. माझी काजं झालेल्या शर्टांची गाठोडी शहरातल्या मोठ्या दुकानात पोचवायची असायची. त्यांच्या वाटेवरच होतं ते. आडवी बसले तर गाठोडं चाकाला घासायचं. एकदा एका पांढऱ्या शर्टाच्या बाहीला चेनचं काळं तेल लागलं, तो मी रडत रडत तीनदा धुतला. मग त्यांनी युक्ती काढली. म्हणाले, तू माझ्या पाठीला पाठ लावून बस. तोंड मागे, पाय मागे, गाठोडं मांडीवर. लोक हसायचे! पोरं तर मागे धावायची, 'उलटी बाई, उलटी बाई' करत."

"हं. मग?" सून म्हणाली.

मावशींच्या ते ध्यानातही आलं नाही. "मग काय, मला पुढचं काही दिसायचं नाही. सगळं शहर मी निघून गेल्यावर पाहिलंय. दुकान आलं कधी ते कळायचं नाही, गेलं की दिसायचं. पहिल्यांदा जीव मुठीत धरून बसायची. तर ते पुढून सांगायचे, 'आता खड्डा आहे, धर. आता वळण आहे, डावीकडे झुक.' आणि मी मागून सांगायची, 'ट्रक येतोय हो, कडेला घ्या.' त्यांना मागचं दिसत नव्हतं, मला पुढचं. दोघांचं मिळून एक माणूस व्हायचं."

"आणि बोलायचात काय? नुसतं खड्डा आणि ट्रक?"

मावशी लाजल्या. या वयातही त्यांच्या गालांना तो रंग आला. "घरात सासूसासरे, दीर, माणसांचा राबता. बोलायला मिळायचं कुठे? जे काही बोललो ते सायकलवर. एकमेकांचं तोंड न बघता. तुला सांगते, तोंड दिसत नसलं ना की माणूस जास्त खरं बोलतो. ते काही हुंकार देत नसत. चढावर धापा टाकत असायचे बिचारे. मला नुसती पाठ लागायची त्यांची. कोमट. तेवढ्यावर कळायचं, की ऐकतायत."

हे बोलल्या आणि मावशी थांबल्या. हातातली सुई हवेतच राहिली.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"ऊठ म्हणते ना. ती खुर्ची इकडे आण. पाठीला पाठ लाव."

दोन खुर्च्या एकमेकींना पाठमोऱ्या लागल्या. एकीचं तोंड खिडकीकडे, एकीचं शेगडीकडे. मावशींनी तयार शर्टांचं गाठोडं सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"हे कशाला?"

"हातांना काम. नाहीतर हातवारे करत माझ्याकडे वळशील. आता सांग सगळं. माझं सांगितलंस तरी चालेल. मी दिसणार नाही, बोलणार नाही. पण आहे मी मागे."

सुनेनं सुरुवात केली, अडखळली, थांबली. मागून काहीच आलं नाही. खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांकडे ती बघत राहिली. पाठीला फक्त मावशींच्या श्वासाचा हलका दाब लागत होता. मग तिचं तिलाच पुढचं वाक्य सुचलं. त्याच्या मागून दुसरं आलं.

मावशींना त्या इंग्रजीतलं काही कळत नव्हतं. पण 'बायसिकल' कळलं. 'ट्रक' कळलं. मधेच सून हसली, तेव्हा तो पांढऱ्या शर्टाचा प्रसंग असणार, हे कळलं. आणि मग आवाज एकदम मऊ झाला, तेव्हा मावशी समजल्या की पोरगी चढावर आली आहे. शेगडीकडे बघत त्यांनी डोळे पुसले. बटण ओठांत नव्हतं, तरी तोंडातून एक अक्षर निघालं नाही.

त्यानंतर रोज दुपारी खुर्च्या पाठमोऱ्या लागायला लागल्या. विषय बदलायचे. शेजारी, हवामान, आवडती खोली. गाठोडं तेच. एकदा मास्तर शर्ट न्यायला वर आले. एक बाई खिडकीशी बोलतेय आणि दुसरी शेगडीशी मुकी बसलीय हे बघून उंबऱ्यावरच थबकले.

"भांडलात की काय दोघी?"

मावशींनी वळून न बघता हातानं चूप राहायची खूण केली. मास्तर चपला हातात घेऊन खाली गेले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मावशींनी नेहमीसारखं काम काढलं. पण सुनेबरोबर जीवही गेलेला असेल तर हातांनी काय करावं? एका शर्टाची सगळी बटणं त्यांनी काजांच्याच बाजूला लावून टाकली. सगळी उसवून पुन्हा लावावी लागली. उन्हं खिडकीतून खाली उतरली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. हळू नाही, भरभर नाही. कळेना.

सून आत आली, बूट काढले, पाणी प्यायली.

"बोल की गं! का जीव टांगणीला लावतेस?"

"घरातल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा, म्हणाले. या वेळी माणूस होता, चष्मेवाला. त्या बाईपेक्षाही कोरा. भिंत बरी."

"हं, मग?"

"मी तुमच्याबद्दल सांगितलं. काजं, गाठोडं, कॅरिअर, सगळं. तो बघत होता, मी त्याच्या मागच्या खिडकीकडे बघत होते. मांडीवर पर्स धरली होती घट्ट. बोलतच राहिले. शेवटी त्यानंच थांबवलं."

"थांबवावं लागलं?" मावशी आनंदल्या. "अगं, मग झालं तर!"

"थांबा हो. मग त्यानं विचारलं काय, माहितीये? सायकल!"

"पुन्हा?"

"मीच विषय काढला होता ना. तुमच्याकडे लोक अजून सायकल चालवतात का? पुढच्या काळात सायकली राहतील असं वाटतं का? मी म्हटलं, सायकली राहतील की नाही मला माहीत नाही, पण कॅरिअर मात्र राहायला हवं. मग म्हणाला, तुम्हाला चालवायला आवडेल का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

मावशींचा चेहरा पडला. "परत नाही?"

"नाही म्हटलं आणि थांबले नाही, आई. मला चालवायला नको, मला मागे बसायला आवडेल, असं म्हटलं. माझा नवरा फार दिवस एकटाच चालवतोय, त्याला मागचं सांगायला कोणी नाही, असं म्हटलं." सुनेनं पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला. "त्यानं नुसतं 'थँक यू' म्हटलं. पास की नापास, तोंडावरून काहीच कळलं नाही."

मावशी उठल्या आणि आधण ठेवायला गेल्या. वळून म्हणाल्या, "तोंडाकडे कशाला बघायचं आपण?"

निकाल आला तेव्हा सून दवाखान्यात होती. तिनं दुकानातल्या फोनवर कळवलं. मास्तर मापाची फीत गळ्यात तशीच ठेवून जिन्यावरून ओरडत वर आले, "मावशी, झाली! तुमची परीक्षा झाली पास!" मावशींनी देवापुढे हात जोडले. त्या दिवशी त्यांच्या मनात पहिला विचार कुठला आला, ते त्यांना आणि देवालाच ठाऊक. पण या वेळी त्यांनी माफी मागितली नाही. 

पुढचे दिवस बॅगा भरण्यात गेले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तूही ये ना थोड्या दिवसांनी." मावशी म्हणाल्या, "येईन की. आधी तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघून घ्या पोटभर." सुनेनं प्रश्नांचे पुठ्ठे बांधून कपाटावर ठेवले, तर मावशींनी ते काढून शर्टांच्या घडीत घालायला सुरुवात केली. "अहो आई, प्रश्न लिहिलेत त्यावर!" "असू देत. शर्ट घेणाऱ्याला विचारू देत कोणी, तुमच्याकडे सायकल आहे का."

टॅक्सी सकाळी आली. बॅगा चढल्या. गल्लीतली चार माणसं जमली. मास्तरांनी सुनेला स्वतः शिवलेला पांढरा कोट दिला. काजं अर्थातच मावशींची. सुनेनं मावशींना मिठी मारली.  महिनोन्महिने बोलण्याचीच तयारी केलेल्या दोघी, आणि ऐन वेळी शब्द नाही. मावशींनी तिला खांद्याला धरून वळवलं आणि टॅक्सीकडे हलकेच लोटलं. "नीघ. उशीर होईल."

टॅक्सी सुरू झाली. सून मागच्या सीटवर गुडघ्यांवर उलटी वळून बसली आणि मागच्या काचेतून बघत राहिली. तिचं तोंड मावशींकडे, पाठ रस्त्याकडे. मांडीवरच्या गाठोड्यासारखा तो पांढरा कोट तिनं छातीशी धरला होता. गल्लीच्या तोंडाशी भाजीची हातगाडी आडवी उभी होती आणि पुढे डावीकडे रस्ता वळत होता. सुनेला ते दिसत नव्हतं. मावशींना दिसत होतं.

"आता वळण आहे," मावशी जराशा मोठ्यानं म्हणाल्या. "डावीकडे झुक. धर घट्ट."

शेजारी उभे असलेले मास्तर त्यांच्याकडे बघू लागले. 

काचेमागचा चेहरा डावीकडे झुकला आणि दिसेनासा झाला.